धरणारा कुठे उभा होता : नाशिकमधल्या एका नालबंदीच्या अपघाताचं प्रकरण

तुळशीचं लग्न होऊन चारच दिवस झाले होते. या दिवसांत नाशिकच्या घोडीवाल्यांच्या घरी कुणाला धड जेवायलाही फुरसत नसते. दुपारी सव्वातीनला पेठ रोडकडून फोन आला, "डॉक्टरसाहेब, घोडीचा पाय रक्तानं भरलाय, लगेच या." मी पोहोचलो, तर रक्त घोडीचं नव्हतंच. ते नालबंद चाचांच्या, म्हणजे घोडीच्या खुरांना नाल ठोकणाऱ्या चाचांच्या मांडीचं होतं. चाचा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर कुणीतरी उपरणं घट्ट बांधलं होतं. मालकांचा एकोणीस वर्षांचा पुतण्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट मुठीत धरून उभा होता. घोडी गल्लीच्या तोंडाशी थरथरत होती आणि तिच्या मागच्या डाव्या पायाला अर्धवट ठोकलेली नाल तशीच होती.

मी नाशिकमध्ये जनावरांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे गाई-म्हशी आणि कुत्री जास्त येतात, घोडे थोडे. हे प्रकरण लिहायला मालकांनीही होकार दिला आणि चाचांनीही; नावं मात्र नकोत म्हणाले. त्यामुळे सगळे म्हणतात तसं मालकांना मामा म्हणतो. घोडीचं नाव चांदणी, ते खरंच आहे. पुढे जे लिहिलंय ते तिघांशी वेगवेगळं बोलून जुळवलेलं आहे, कारण त्या दिवशी प्रत्येकाचं एकच वाक्य होतं, "घोडी बिथरली." घोडी बिथरली हे खरं, पण तेवढ्यावर विषय सोडला तर पुढच्या वेळी पुन्हा कुणाची तरी मांडी फाटणार, हे मला त्या गल्लीतच दिसत होतं.

चांदणी नुकरा जातीची, पांढरी, दातांवरून साधारण चौदा वर्षांची. मामांनी ती आठ वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घेतली. वरातीत नाचते, म्हणजे ताशा वाजला की मागच्या पायांवर भार घेऊन पुढचे उचलते. त्या दिवशी रात्री गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर वरात होती. नाला झिजून गुळगुळीत झालेल्या, दहा आठवड्यांच्या जुन्या. नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बदलावी लागते. खूर महिन्याला जवळपास सेंटीमीटरभर वाढतो, नाल मात्र जिथे ठोकली तिथेच राहते. मामांनी चाचांना सकाळी फोन केला होता. चाचा म्हणाले, "आज नको मामा, उद्या सकाळी निवांत करतो." मामा म्हणाले, "चाचा, आज वरात आहे, डांबरावर घसरली तर?" मामांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चाचांचंही नव्हतं. शेवटी चाचा दोन वाजता आले.

जागा होती घराशेजारचा बोळ. एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला बँडवाल्यांचा टेम्पो आणि मधे सात फूट. खाली शहाबादी फरशी, आणि तिच्यावर घोडीला नुकतंच धुतल्याचं पाणी. तिथे सावली असते म्हणून नाल नेहमी तिथेच ठोकत. घोडीचं तोंड रस्त्याकडे होतं. टेम्पो तिच्या डाव्या हाताला असा उभा होता की त्याचा फाळका तिच्या शेपटीच्या थोडा मागे येत होता.

पुढचे दोन पाय पाऊण तासात झाले, काही अडचण आली नाही. मागचा उजवाही झाला, पण तिनं तो दोनदा ओढून घेतला. मागचा डावा द्यायला ती तयारच नव्हती. चाचांनी खांद्यापासून पाठीवरून हात फिरवत पुठ्ठ्यापर्यंत, म्हणजे शेपटीजवळच्या मागच्या भागापर्यंत नेला, तोंडानं बोलत राहिले, हात पायावरून खाली आणला. हे सगळं अगदी बरोबर होतं. घोडीनं पाय उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. मामा म्हणाले, "खोडी काढतेय, दाबा." पुतण्यानं दावं आखडून घेतलं आणि हाताला दोन वेढे दिले. तो घोडीच्या उजव्या बाजूला, भिंतीकडे उभा होता. चाचा डाव्या बाजूला, म्हणजे घोडी आणि टेम्पो यांच्यामध्ये.

चाचांनी जुनी नाल काढली, खूर तासला, नवी नाल बसवून दोन खिळे ठोकले, मग तिसरा. त्याच वेळी टेम्पोत ढोल चढवणाऱ्या पोरानं फाळक्याची कडी काढली आणि फाळका धाडकन खाली आपटला.

घोड्याला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं. दिसत नाही ते फक्त दोन ठिकाणी, थेट शेपटीमागे आणि कपाळाच्या अगदी पुढे. फाळका कुणी उघडतोय हे चांदणीला दिसलंच नाही. तिला फक्त मागून आवाज आला, आणि तोही तीन पायांवर ओल्या फरशीवर उभी असताना. तिनं पाय पुढे हिसकला. तो चाचांच्या मांड्यांवर आडवा होता, आणि खुराच्या भिंतीतून तीन खिळ्यांची टोकं बाहेर आलेली होती, न तोडलेली. तीन टोकांपैकी एकानं मांडी आतल्या बाजूनं वीतभर फाडली. त्याच क्षणी पुतण्यानं घाबरून दावं आपल्याकडे, म्हणजे उजवीकडे खेचलं. डोकं उजवीकडे गेलं आणि पुठ्ठा डावीकडे फिरला, थेट चाचांवर. चाचा टेम्पोच्या चाकाला दाबले गेले. तिथून तिनं लाथ झाडली. ती पुरती ताणून बसली नाही, कारण चाचा तिच्या अंगालाच चिकटलेले होते, जागाच नव्हती. त्यामुळे दोन बरगड्यांना चीर पडण्यावर निभावलं. तीच लाथ चार फुटांवरून बसली असती तर मला हे लिहावंसं वाटलं नसतं. पुतण्याच्या हातावरचे वेढे आवळले आणि करंगळीशेजारचं बोट मोडलं.

मी पोहोचल्यावर आधी माणसांना रिक्षातून दवाखान्यात पाठवलं आणि सोबत चिठ्ठी दिली: जखम घोड्याच्या खुरातल्या खिळ्याची, माती आणि लीद लागलेली, धनुर्वाताचं बघा. धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतातच. अशा खोल, घाणेरड्या जखमेनंतर, गेल्या पाच वर्षांत लस झालेली नसेल तर ती घ्यावीच लागते. शेवटची कधी घेतली, चाचांना आठवत नव्हतं. आयुष्यभर घोड्याच्या पायाशी बसणाऱ्या माणसाला ते आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. घोडा स्वतः धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्या जनावरांपैकी आहे, म्हणून चांदणीची लस दर वर्षी न चुकता होते. तिला टोचताना मीच कधी चाचांना विचारलं नाही, "तुमचं काय?" आता विचारतो.

मग घोडीला बोळातून काढून मागच्या मोकळ्या जागेत नेलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि ती अर्धवट नाल उपसून काढली. तेव्हा खिळ्याचं टोक हाताशी धरून पाहिलं. नालेच्या खिळ्याला टोकाशी एका बाजूनं तिरपा उतार असतो. ती बाजू खुराच्या आतल्या अंगाला ठेवून ठोकला की खिळा आपोआप बाहेर वळत जातो आणि खुराच्या भिंतीतून वर बोटभर अंतरावर टोक काढतो. उलटा धरला तर तो आत, मऊ जिवंत भागात घुसतो. जाणता नालबंद ते आवाजावरून ओळखतो: टणक भिंतीत हातोडी टणटण बोलते, मऊ भागात बद्द आवाज येतो. चाचांचे तिन्ही खिळे नेमके होते. तिन्ही टोकं एका रेषेत, जणू मोजून काढलेली. प्रत्येक टोक दीड-दोन सेंटीमीटर बाहेर आणि सुरीसारखं.

ही टोकं ठोकल्याबरोबर हातोडीच्या चिमट्यात धरून मुरडून तोडायची असतात, प्रत्येक खिळ्यानंतर, पुढचा हातात घेण्याआधी. नंतर दवाखान्यात चाचांनी मला स्वतःहून सांगितलं, "साब, मी तीन ठोकून मग एकदम तोडतो. हात बसलाय तसा. वडील ओरडायचे." एका पायामागे फार तर अर्धं मिनिट वाचतं. लग्नसराईत दिवसाला पाच घोड्या असतील तर तेवढं अर्धं मिनिटही माणसाला मोठं वाटतं, हे मला समजतं.

घोडी खोडी काढत नव्हती

दोन दिवसांनी मी चांदणीला नीट तपासली. चालताना लंगडत नव्हती. मग मागच्या उजव्या पायाचा मधला सांधा, मागे टोकदार दिसतो तो, मिनिटभर पूर्ण दुमडून धरला आणि लगेच तिला दुडकी पळवली. पहिली आठ-दहा पावलं ती स्पष्ट लंगडली. डाव्याला तसं काहीच नव्हतं. उजव्या सांध्यात जुनी झीज होती. वर्षानुवर्षं मागच्या पायांवर नाचणाऱ्या घोडीत ती यावी यात नवल नाही.

आता त्या दुपारचं कोडं पुन्हा पाहा. ती अडत होती डाव्या पायाला. डावा उचलला की मागचा सगळा भार उजव्यावर येतो आणि दुखणारा सांधा तोच होता. उजवाही ओढून घेत होती, कारण तो दुमडला की दुखायचं. "पाय देत नाही" असं म्हटलं की सगळे त्या पायाकडे बघतात, पण अनेकदा दुखणं पलीकडच्या पायात असतं. चांदणी आठ वर्षं शहाण्यासारखी पाय देत होती आणि गेल्या दोन वेळांपासून कुरकुरत होती, असं मामांनीच मला सांगितलं. मी विचारलं, "मग तेव्हा का नाही कळवलंत?" म्हणाले, "वय झालं, जिद्दी झाली असं वाटलं." शहाणं जनावर अचानक जिद्दी होत नाही. वागणं बदललं की आधी दुखणं शोधायचं, हे मी त्यांना सांगितलं आणि आता प्रत्येक घोडीवाल्याला सांगतो.

मामांचा पहिला प्रश्न होता, "दर वेळी झोपेचं इंजेक्शनच देऊन टाकू का?" गुंगी कधीकधी द्यावी लागते, त्या दिवशी मीही दिली. पण गुंगीतली घोडी मान खाली टाकून उभी असते, डोळे अर्धे मिटलेले असतात, आणि तरीही ती अचानक लाथ मारू शकते, तीही नेम धरल्यासारखी. गाफील माणसाला गुंगीतली घोडी जागीपेक्षा जास्त धोक्याची. दुसरा उपाय पुतण्यानं सुचवला, वरच्या ओठाला दोरीचा पीळ. थोड्या वेळाच्या कामाला, पाचेक मिनिटांच्या आत, तो चालतो. पुढे त्याचा उलटा परिणाम होतो. चार खुरांना नाल ठोकायला एवढा वेळ पुरत नाही. कान पिळायला तर मी साफ मनाई केली. कान पिळलेली घोडी पुढे आयुष्यभर डोक्याला हात लावू देत नाही, आणि वरातीच्या घोडीला रोज डोक्यावर साज चढवायचा असतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त सलते ती गोष्ट धरणाऱ्याची आहे. नाशिकमध्ये 1889 मध्ये स्टेशनपासून मेन रोडपर्यंत ट्रॅम सुरू झाली तीसुद्धा घोड्यांनीच ओढली. पुढे टांगे होते. चाचांचे वडील आणि आजोबा टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे. चाचा सांगतात, त्या वेळी घोडा टांगेवाला स्वतः धरायचा आणि त्याला धरणं यायचं, कारण तो दिवसभर त्याच घोड्याबरोबर असायचा. आता धरायला घरातला जो पोरगा मोकळा असेल तो येतो. एका हातात दावं, दुसऱ्या हातात मोबाईल. नालबंद वाकलेला असतो, त्याला घोडीचं तोंड दिसत नाही. कान मागे पडले, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, नाकपुड्या ताणल्या, अंगाचं वजन सरकलं, हे सगळं फक्त धरणाऱ्याला दिसतं. खालच्या माणसाचे डोळे तोच असतो. त्याला हे कुणी शिकवलंच नाही.

मामांच्या अंगणात मी पुतण्याला एक वेळूची काठी जमिनीवर ठेवायला सांगितली. मधोमध माझं बोट दाबून म्हटलं, "हे टोक घोडीचं तोंड, ते टोक पुठ्ठा. तोंड तुझ्याकडे ओढ." त्यानं डाव्या हातानं ओढलं, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता. दुसरं टोक फिरून पलीकडे गेलं. मग मी पलीकडे माझी चप्पल ठेवली, "हे चाचा." त्यानं पुन्हा ओढलं आणि काठी चपलेला लागली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग स्वतःच उठून चपलेच्या बाजूला येऊन बसला आणि तिथून ओढलं. काठीचं मागचं टोक चपलेपासून लांब गेलं. धरणाऱ्यानं नालबंदाच्याच बाजूला उभं राहायचं, आणि नालबंद पलीकडे गेला की त्यानंही पलीकडे जायचं. गडबड झाली की तोंड आपल्याकडे घ्यायचं, म्हणजे पुठ्ठा आणि लाथा दोन्ही माणसांपासून दूर जातात. हे एवढंच आहे, आणि त्या बोळात ते बरोबर उलटं घडलं होतं.

चाचा पुतण्याला आधीही म्हणाले होते, "बेटा, उधरसे नको धरू, इकडं ये." पण इकडे टेम्पो होता, दोघांना जागाच नव्हती. म्हणून मला वाटतं, अपघात फाळका पडला तेव्हा झाला नाही. बोळात काम करायचं ठरलं तेव्हाच त्याची तयारी झाली होती.

सात आठवड्यांनी

चाचांच्या बरगड्या भरेपर्यंत सहा आठवडे गेले, ऐन सराईतले. दवाखान्याचा खर्च मामांनी दिला. बुडालेल्या मजुरीचं काय, यावर दोघांत थोडी तणातणी झाली आणि शेवटी मामांनी काही रक्कम दिली. ती पुरेशी होती असं मला वाटत नाही. चाचांचा विमा नाही. नाशिकमध्ये हात बसलेले नालबंद किती उरलेत ते घोडीवाल्यांनी स्वतः मोजावं आणि मग ठरवावं, "आज नको" म्हणणाऱ्या चाचांचं ऐकायचं की नाही.

तोवर चांदणीचे मागचे पाय बिननालेचे ठेवले, नाच बंद केला आणि सांध्यासाठी औषध सुरू केलं. नाल ठोकायचं ठरलं तेव्हा जागा बदलली. घरामागे कडुनिंबाखाली मुरुमाची सपाट, कोरडी जागा आहे. चारी बाजूंनी मोकळी, एकही गाडी नाही, अंगणातली पोरं घरात. वेळ सकाळी आठची, वरात नसलेला दिवस. चाचांनी गोणपाटाऐवजी चामडी एप्रन बांधला, तो मामांनीच आणला होता. पायात चपलेऐवजी बूट. हातातली चांदीची अंगठी काढून खिशात ठेवली. पुतण्याच्या हातात दावं होतं, पण वेढे न देता. दाव्याच्या घड्या घालून त्या तळहातात धरलेल्या, मूठ उघडली की सुटतील अशा. घोडी कशालाही बांधली नव्हती. बांधायची वेळ आलीच तर ओढताच सुटेल अशी गाठ आणि भक्कम खांब हवा. फाटकाला, गजाला किंवा गाडीला बांधून उपयोग नाही, घोडी ते सगळं ओढत नेते.

मागचा डावा पाय चाचांनी उंच उचललाच नाही. जमिनीपासून जेमतेम वीतभर, सरळ मागे, बाजूला न ताणता. मिनिट-दीड मिनिट काम करायचं, मग पाय खाली ठेवून तिला दम घेऊ द्यायचा. ती पाय परत मागायच्या आत आपणच द्यायचा, असं चाचांनी ठरवलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला घोडीचे कान सैल झाले. अधेमधे पायाचं टोक एका बुटक्या ओंडक्यावर टेकवलं. चाचा गुडघे टेकून बसले नाहीत. वाकून किंवा दोन्ही पायांवर उकिडवं राहूनच काम केलं, कारण टेकलेल्या गुडघ्यावरून उठायला जो क्षण लागतो तो घोडी देत नाही. पुतण्या अधूनमधून बोलायचा, "कान मागं गेले चाचा", "आता ठीक". प्रत्येक खिळा, प्रत्येक टोक, लगेच तोडलेलं. तुकडे गोळा करायला मी डबा धरला होता, म्हणजे तेच नंतर खुरात रुतायला नकोत. चार पायांना एक तास चाळीस मिनिटं लागली. पूर्वी हेच काम याहून कमी वेळात व्हायचं.

मागच्या उजव्याचा पाचवा खिळा झाला तेव्हा रस्त्यावर कुणाच्या बुलेटच्या सायलेन्सरनं बार काढला. चांदणीनं झटका दिला. चाचा उजव्या अंगाला होते, पुतण्याही उजवीकडेच. त्यानं तोंड आपल्याकडे घेतलं आणि पुठ्ठा डावीकडे मोकळ्या जागेत गेला. चाचांनी पाय धरून ठेवायचा प्रयत्नच केला नाही. सोडला आणि दोन पावलं मागे सरकले. एप्रनवर ओरखडाही नव्हता. चाचांनी पाणी मागितलं, पुतण्यानं घोडीला एक चक्कर फिरवून आणलं, मग सहावा खिळा झाला.

चांदणी आता नाचत नाही, नुसती चालते. त्यामुळे मामांना वरातीचे पैसे कमी मिळतात आणि त्याबद्दल ते अजून कुरकुरतात. पुढची नालबंदी आठव्या आठवड्यात आहे; त्यांनी ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर आधीच लाल पेनानं लिहून ठेवली आहे, शेजारी वेळही, सकाळी आठ.